चामड्याच्या चकत्यांची मूठ

डिसेंबरातली पहाट, निफाडजवळची एका मित्राची द्राक्षबाग. पारा १० अंशांवर. मांडवाच्या तारेला अडकलेली जुनी सुतळी कापायला त्यानं एक सुरी दिली. मूठ म्हणजे पात्याला वेल्ड केलेली नुसती पोलादी पट्टी. धरली तर तळव्याला थंडीचा चटकाच बसला. मग मी पिशवीतली माझी काढली. तीही रात्रभर गाडीत गारठलेली, पण मूठ चामड्याची. हाताला जवळजवळ कोमट लागली.

"तुझी गरम कशी रे?" मित्रानं विचारलं.

गरम नव्हतीच. दोन्ही मुठी १० अंशांवरच होत्या. हाताला जाणवतं ते वस्तूचं तापमान नव्हे, तर कातडीतली ऊब किती झपाट्यानं पळतेय ते. पोलादातून उष्णता चामड्यापेक्षा सुमारे ३०० पट सहज वाहते. ढोबळ हिशेब मांडला, तर ३३ अंशांची त्वचा पोलादाला टेकताच स्पर्शाच्या जागी तापमान १२ अंशांपर्यंत कोसळतं. चामड्याला टेकली तर २७ च्या आसपास थांबतं.

ही मूठ बनते मात्र साध्या रीतीनं. घडीच्या चाकूत सगळा भार एका खिळीवर येतो. इथे पातं आणि त्याची अरुंद शेपटी एकाच पोलादाची. चामड्याच्या चकत्यांना मधोमध चीर पाडायची, माळेत मणी ओवावेत तशा त्या शेपटीत ओवायच्या, शेवटी धातूची टोपी बसवून नट कसायचा. मग कानस आणि पॉलिश पेपर. १९४२ साली अमेरिकी मरीन सैनिकांसाठी घेतलेली, ७ इंची पात्याची 'का-बार' सुरी याच घडणीची. फिनलंडमध्ये हीच युक्ती बर्चच्या सालीवर करतात. लाकडाची मूठ रेषेत चिरली की टोकापर्यंत चिरत जाते. इथे चीर पडलीच तर एका चकतीपुरती.

माझी पहिली मूठ फसली. जुन्या बॅगेचं मऊ चामडं कापून चकत्या केल्या. नट आवळला की स्पंजासारख्या दबायच्या, घासायला गेलं की धागे सुटायचे. शेवटी एका चप्पल शिवणाऱ्या काकांनी ते दोन बोटांत दुमडून पाहिलं आणि म्हणाले, "हे क्रोमचं हाय. तळाचं घ्या." आणि कोल्हापुरीच्या तळाला लावतात तसल्या कडक चामड्याचा तुकडा रापीनं कापून दिला.

त्या दोन वाक्यांत बरंच रसायनशास्त्र आहे. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन. तीन साखळ्यांचा पीळ, अशा असंख्य पिळांचे धागे, त्या धाग्यांचं विणकाम. नुसतं ठेवलं तर सडतं, म्हणून ते कमवावं लागतं. (शरीर कमावतात तसं कातडंही कमावतात; आपल्या भाषेची ही जोडी मला फार आवडते.) क्रोमियमचे क्षार धाग्यांना मोजक्या जागी टाचतात आणि मधली पोकळी मोकळी सोडतात, म्हणून चामडं लवचीक राहतं. बाभळीची साल किंवा हिरडा यांतलं टॅनिन त्या पोकळ्यांत दाटून बसतं. चामडं भरीव होतं, लाकडासारखं घासता येतं, चकाकतं. खात्री करायची तर दोन्हींची एकेक पट्टी उकळत्या पाण्यात टाका. मी टाकली. सालीत कमावलेली आक्रसून वळली, क्रोमची जवळपास होती तशीच राहिली. म्हणजे उष्णतेपुरतं क्रोमच सरस, पण मुठीसाठी नाही.

चकत्या रचल्यावर तळव्याला लागतात त्या त्यांच्या कडा. कडेला चामड्याचे दोन पदर दिसतात: वरचा घट्ट, खालचा सैल. वापरात सैल पदर आधी झिजतो आणि बोटांना जेमतेम जाणवतील असे बारीक कंगोरे उठतात. त्यातून घाम मुरायला जागा. ओल्या हातातून गुळगुळीत प्लास्टिक सटकतं, ही मूठ तेवढी सटकत नाही.

आता तिची खोड. विळीवर कच्चं केळं चिरलं की पातं काळं पडतं, ती करामतही टॅनिनचीच. लोखंडाशी गाठ पडली की निळं-काळं संयुग तयार होतं. ओलं चामडं आणि साधं पोलाद एकत्र ठेवलं की हेच होतं, वर गंजही चढतो. म्हणून चामड्याच्या म्यानात सुरी घालून विसरायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. गेल्या जुलैत नाशकात आठवडाभर ऊन पडलं नाही, तेव्हा मुठीवर पांढरी बुरशी आली. कोरड्या फडक्यानं पुसून, वाळवून, मेणाचा पातळ हात दिला. तेल पाजायला सांगणारे बरेच भेटतात, पण तेलानं चकत्या मऊ पडतात.

एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात उलटंच होतं. चकत्या आक्रसल्या आणि टोपीखाली फट दिसू लागली. नट काढला, काकांकडच्या त्याच तुकड्यातली एक चकती जास्तीची ओवली आणि पुन्हा आवळलं. ती एकच अजून फिकट दिसते.