प्रोपोलिस: मधमाशीची राळ, तिचं रसायन आणि २०१० चा नकार

युरोपात विकल्या जाणाऱ्या घशाच्या गोळ्यांच्या पाकिटावर बऱ्याचदा 'प्रोपोलिस' (मधमाश्या झाडांवरून आणून मेणात कालवतात ती राळ) हा शब्द सगळ्यात ठळक असतो आणि जवळच प्रतिकारशक्तीला हातभार लागतो, असं एक वाक्य असतं. बारीक अक्षरं वाचली की कळतं, ते वाक्य प्रोपोलिसबद्दल नाहीच. गोळीत घातलेल्या क जीवनसत्त्वाबद्दल किंवा जस्ताबद्दल आहे. २०१० मध्ये युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रोपोलिसबद्दलचे आरोग्यविषयक दावे नाकारले; कायद्याच्या चौकटीत बसणारी ही कसरत त्या निर्णयानंतर रूढ झाली. तो निर्णय का झाला आणि त्यावर अजून वाद का आहे, हे समजायला प्रोपोलिसच्या घटकांपासूनच सुरुवात करावी लागते.

घटकांचं एक कोष्टक लेखामागून लेखात उतरत आलं आहे: राळ सुमारे ५० टक्के, मेण ३०, सुगंधी तेलं १०, परागकण ५ आणि उरलेलं ५. चुकीचं नाही, पण फारसं कामाचंही नाही. मेण सगळीकडे मेणच असतं. औषधी गुणांची जवळजवळ सगळी चर्चा त्या राळेच्या वाट्याबद्दल आहे आणि राळ माशी बनवत नाही. झाडाच्या कळ्यांवरचा चीक, सालीच्या जखमेतून पाझरणारा द्रव ती खरवडते, मागच्या पायांवरच्या परागटोपलीत भरून आणते आणि पेटीत दुसऱ्या माश्या तो उतरवून घेऊन मेणात कालवतात. म्हणजे 'प्रोपोलिस' या नावाने माशीची एक सवय कळते. डबीत नेमकं काय आहे, ते कळत नाही; ते आसपासच्या झाडांवर ठरतं.

ही सवयही सगळ्या माश्यांना सारखी नाही. व्यापारातला माल मुख्यतः युरोपीय मेलिफेरा माशीचा. सातेरी माशी राळ जवळजवळ वापरतच नाही. फुलोरी माशी पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर राळेचा चिकट पट्टा लावते, मुंग्या येऊ नयेत म्हणून. डंख नसलेल्या पोयाच्या माश्या तर राळ इतकी वापरतात, की त्यांचं अर्धं घर तिचंच असतं.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला एक रोमन शेतीलेखक लिहून गेला आहे, की वैद्य हा पदार्थ लेपात घालतात आणि म्हणून रोमच्या व्हाया साक्रा रस्त्यावर तो मधापेक्षा महाग विकला जातो. पुढच्या ग्रीक-रोमन वैद्यकग्रंथांतही तो आहे: रुतलेले काटे बाहेर काढायला, सूज उतरवायला, जखम भरायला. इजिप्तच्या ममींमध्ये प्रोपोलिस होतं, हे विधान प्रत्येक जाहिरातपत्रकात सापडतं. ममींच्या रासायनिक तपासणीत मधमाशीचं मेण सापडलं आहे, हे खरं. पण मेणाच्या पुराव्यावर प्रोपोलिसची कथा उभी करणं जरा घाईचं आहे. विसाव्या शतकात सोव्हिएत संघात त्याचं इतकं कौतुक झालं, की 'रशियन पेनिसिलिन' हे टोपणनाव अजून पुसलेलं नाही.

मधल्या काळात एक उलटी गोष्ट घडली आणि तिच्याकडे आरोग्यविषयक लेखनात सहसा लक्ष जात नाही. १८५२ मध्ये अमेरिकेत सुट्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं गेलं. तिचं सगळं गणित एका अंतरावर होतं: साधारण ६ मिलिमीटरपेक्षा लहान फट माश्या प्रोपोलिसने बुजवतात, ९ मिलिमीटरपेक्षा मोठीत पोळं बांधतात आणि मधली जागा ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्यानंतर मधपाळांच्या लेखी प्रोपोलिस म्हणजे चौकटी चिकटवणारा उपद्रव झाला. जास्त राळ आणणाऱ्या वसाहती नकोशा झाल्या, कमी आणणाऱ्या निवडल्या गेल्या. २००९ मध्ये प्रयोगाने दिसलं, की राळेचा थर असलेल्या पेटीत माश्यांच्या प्रतिकारयंत्रणेला कमी राबावं लागतं. दीडशे वर्षं निवडीने जे कमी करत आणलं, ते माश्यांच्या आरोग्याचं साधन होतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

रसायनाची खरी उकल १९६० नंतरची. युरोपातल्या नमुन्यांत गॅलँजिन, क्रायसिन, पिनोसेंब्रिन ही फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींत आढळणाऱ्या रसायनांचं एक कूळ) सापडत गेली आणि हीच रसायनं काळ्या पॉप्लर झाडाच्या कळ्यांवरच्या चिकातही निघाली. १९८० च्या दशकात गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या तंत्रांच्या जोडीने हा मेळ पक्का झाला. समशीतोष्ण प्रदेशातलं प्रोपोलिस बव्हंशी पॉप्लरचं, ही समजूत तेव्हापासूनची. रशियाच्या उत्तर भागात बर्च, भूमध्य समुद्राच्या काठी सायप्रससारखी सूचिपर्णी झाडं, हे अपवादही नोंदले गेले. त्याच दशकात कॅफेइक आम्लाचं एक एस्टर, संक्षेपाने 'केप', चर्चेत आलं. १९९६ मध्ये ते पेशींमधला दाहाचा एक मुख्य संदेशमार्ग रोखतं, असं दाखवलं गेलं आणि प्रयोगशाळांमधून शोधनिबंधांची रांग लागली. काचनळीत जिवाणू किंवा कर्कपेशी मारणं आणि माणसाचा आजार बरा करणं यांतलं अंतर त्या रांगेतल्या निबंधांनी फार कमी वेळा मोजलं.

पॉप्लरची ही सुटसुटीत कथा ब्राझीलने मोडली. तिथे पॉप्लर नाही. मिनास जेराइस राज्यातलं हिरवं प्रोपोलिस बॅकॅरिस या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांपासून येतं आणि त्यातला मुख्य घटक आर्टेपिलिन-सी हा फ्लॅव्होनॉइड नाहीच. तो सिनॅमिक आम्लाच्या कुळातला आहे. जपानी ग्राहकांनी हा माल उचलून धरला आणि भाव चढले. ईशान्य किनाऱ्यावरच्या खारफुटीलगत लाल प्रोपोलिस मिळतं. ते डाल्बर्जिया या शिसवाच्या कुळातल्या वेलवजा झुडपाचं, आयसोफ्लॅव्होनॉइड्सनी भरलेलं. क्यूबात क्लुसियाच्या फुलांची राळ, ओकिनावा आणि तैवानमध्ये मॅकॅरंगाची. या सगळ्यांत सामाईक रसायनं शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही, तरी सगळ्यांवर जिवाणूरोधक गुणाचा शिक्का बसतो. त्यात आश्चर्य नाही. झाडाने ती राळ मुळात बुरशी आणि किडींपासून कोवळी कळी वाचवायलाच बनवलेली असते.

प्रमाणीकरणाचे पहिले प्रयत्न इथेच अडखळले. २००१ च्या ब्राझिली नियमाने प्रोपोलिसचे तीन वर्ग केले: एकूण फ्लॅव्होनॉइड्स १ टक्क्यापर्यंत असतील तर कमी, १ ते २ टक्के मध्यम, २ च्या वर उच्च. देशाचा सगळ्यात महाग माल ज्या घटकासाठी विकला जातो, तो मात्र या मोजपट्टीच्या बाहेर. युरोपात वेगळीच गंमत. फ्लॅव्होनॉइड्स मोजायची नेहमीची पद्धत अॅल्युमिनियम क्लोराइडची; ती फ्लॅव्होन आणि फ्लॅव्होनॉल हे त्यांचे उपप्रकार नीट पकडते, पण फ्लॅव्हॅनोन हा उपप्रकार निसटतो. पिनोसेंब्रिन हे फ्लॅव्हॅनोनच आहे, म्हणजे पॉप्लरच्या मालातला एक ठळक घटकच हिशेबात धरला जात नव्हता. २००४ च्या सुमारास त्यासाठी वेगळी चाचणी जोडण्याची शिफारस झाली. बाटलीवरचा आकडा कोणत्या पद्धतीने काढला, हे बाटलीवर सहसा नसतं.

आता २०१० कडे. युरोपीय संघाने २००६ च्या नियमावलीने खाद्यपदार्थांवरचे आरोग्यविषयक दावे शास्त्रीय तपासणीखाली आणले. सदस्य देशांकडून सुमारे ४४,००० दावे आले, ते एकत्र करून ४,६३७ वर आणले गेले आणि अन्नसुरक्षेचं काम पाहणाऱ्या संस्थेने ते गठ्ठ्यागठ्ठ्याने तपासले. प्रोपोलिस आणि त्यातली फ्लॅव्होनॉइड्स यांच्यावरचे दावे २०१० मध्ये निकालात निघाले. मत असं होतं, की ज्या पदार्थाबद्दल दावा केला आहे, त्याचं पुरेसं निश्चित वर्णनच दिलेलं नाही. म्हणून कार्यकारणसंबंध सिद्ध झाला, असं म्हणता येत नाही. याचा अर्थ गुण येतो की नाही, या प्रश्नापर्यंत प्रकरण पोचलंच नाही. २०१२ मध्ये मंजूर झालेल्या २२२ दाव्यांच्या यादीत प्रोपोलिस नाही.

या नकाराचं पुढे दोन्हीकडून विपर्यस्त वाचन झालं. टीकाकारांनी 'प्रोपोलिस निरुपयोगी ठरलं' असं लिहिलं, जे त्या मतात कुठेच नाही. उत्पादकांनी शतकानुशतकांच्या वापराचा अपमान झाल्याची तक्रार केली. त्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. वनौषधींना युरोपात ३० वर्षांच्या पारंपरिक वापराच्या, त्यातली १५ वर्षं युरोपातल्या, आधारावर नोंदणीची सोपी वाट आहे. झाडाची राळ माशीच्या पायावरून आली, एवढ्याने तिला त्या वाटेवर सहज जागा मिळाली नाही. शिवाय पॉप्लर-प्रोपोलिसचं रसायन तोवर वीस वर्षं चांगलं माहीत होतं. त्यापुरता वेगळा विचार करणं अशक्य नव्हतं. पण अर्ज कशासाठी होते, तेही पाहायला हवं. ते 'प्रोपोलिस' या मोघम नावाने होते. 'काळ्या पॉप्लरच्या राळेचा, अमुक टक्के पिनोसेंब्रिन आणि गॅलँजिन असलेला अल्कोहोली अर्क' असं लिहिलं असतं तर पुराव्याची पुढची पायरी चढावी लागली असती, आणि मालाचा उगम सांभाळायचं बंधनही आलं असतं. मोघम नाव विकायला सोयीचं होतं आणि तपासणीत तेच अंगाशी आलं. अन्नसुरक्षा संस्थेची कठोरता मला इथे पटते. तिने प्रकार वेगळे करून दाखवले नाहीत, हे मात्र खटकतं.

मोघम नावाची किंमत साधारण त्याच सुमारास चीनमध्येही दिसली. पॉप्लरच्या कळ्या उकळून काढलेला गोंद प्रोपोलिस म्हणून विकला जात असल्याचं उघड झालं. फ्लॅव्होनॉइड्सच्या चाचणीत तो पास व्हायचा, कारण रसायनं तीच. पकडायचा उपाय सॅलिसिनमध्ये सापडला. साखर जोडलेलं हे रसायन पॉप्लरच्या कळ्यांत असतं. माशी राळ हाताळताना तिच्या लाळेतली विकरं त्याचा साखरेचा दुवा तोडतात, म्हणून खऱ्या प्रोपोलिसमध्ये ते उरत नाही. माशीचं स्वतःचं असं या पदार्थात काय, या प्रश्नाला मिळालेलं हे मोजक्या ठोस उत्तरांपैकी एक.

माणसांवरच्या चाचण्या नकारापूर्वीही होत्या, नंतर वाढल्या. २००० मधल्या एका अभ्यासात जननेंद्रियाच्या नागिणसदृश हर्पीसच्या ९० रुग्णांचे तीन गट केले. दहाव्या दिवशी कॅनडातल्या प्रोपोलिसचं मलम लावणाऱ्या ३० पैकी २४, असायक्लोव्हिर या हर्पीसवरच्या औषधाचं मलम लावणाऱ्या ३० पैकी १४ आणि औषध नसलेलं नुसतं मलम लावणाऱ्या ३० पैकी १२ जण पूर्ण बरे झाले होते. आकडे आकर्षक आहेत, पण गट लहान आहेत. ओठावरचे फोड आणि कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटणं, या दोन ठिकाणी पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. दोन्हीकडे पदार्थ थेट जागेवर लागतो, पोटातून रक्तात जाण्याचा प्रश्न येत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझिली चाचणीत रुग्णालयात दाखल असलेल्या कोविडच्या १२४ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर हिरव्या प्रोपोलिसचा अर्क दिला. रोज ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा मुक्काम मध्यमानाने ७ दिवस, ८०० घेणाऱ्यांचा ६, इतरांचा १२. ऑक्सिजनच्या गरजेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही, आणि कोणाला काय मिळतंय हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं. हा निष्कर्ष पॉप्लरच्या अर्काच्या जाहिरातीत वापरला जातो, तेव्हा २०१० चीच अडचण पुन्हा उभी राहते.

अॅलर्जीचा मुद्दा जाहिरातीत नसतो, त्वचारोगतज्ज्ञांना मात्र जुना आहे. मधपाळांच्या हातांवरचा इसब आधीपासून माहीत होता; १९८० च्या दशकात पॉप्लरच्या कळ्यांतली कॅफेइक आम्लाची एस्टर्स त्यामागे असल्याचं दिसलं. म्हणजे ज्या कुळातल्या 'केप'चे गोडवे गायले जातात, त्याच कुळातले हे भाऊबंद. पेरू बाल्सम (एका झाडाचा सुगंधी चीक) सहन न होणाऱ्यांना प्रोपोलिसही त्रास देऊ शकतं. ओठांची मलमं आणि 'नैसर्गिक' सौंदर्यप्रसाधनं वाढली तशी ही अॅलर्जी मधपाळांबाहेर गेली.

२०२३ मध्ये प्रोपोलिसचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. असं मानक ऐच्छिक असतं. झाडाचं नाव आणि मोजणीची पद्धत ग्राहकाच्या बाटलीवर छापायची की नाही, हे ते ठरवत नाही.