विंडशील्डच्या तड्याची घरगुती दुरुस्ती

मोटारीच्या समोरच्या काचेवर खडी आपटून उडालेला टवका किंवा पडलेला लहान तडा पारदर्शक रेझिनने, म्हणजे अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या द्रवाने, भरण्याची पद्धत. काच न उतरवता, हाती धरता येईल एवढ्या संचाने ती करता येते. डाग पुसट होतो, पण पूर्ण नाहीसा क्वचितच होतो. तडा पुढे सरकू न देणे हे या दुरुस्तीचे खरे काम.

विंडशील्ड ही थरांची काच असते. साधारण २ मिमी. जाडीच्या दोन काचांमध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल या लवचिक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, बहुधा ०.७६ मिमी. जाडीचा, घट्ट चिकटवलेला असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी थरांच्या काचेचे पेटंट १९०९ मध्ये घेतले. त्यांनी मधल्या थरासाठी सेल्युलॉइड वापरले होते. खडीचा मार बहुतेक वेळा बाहेरच्या काचेतच जिरतो, म्हणून तेवढीच भरून भागते. टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन थंड केलेल्या, काचेच्या खिडक्या फुटल्या की त्यांचे दाणे होतात; तेथे बदलण्यावाचून मार्ग नाही.

तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो. खड्ड्यांचे हादरे, ऊन, तापलेल्या काचेवर पडलेले गार पाणी यांनी तो वाढतो. ओलावाही स्वस्थ बसत नाही: पाण्याचे रेणू टोकाशी सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडतात आणि एरवी न पुरणाऱ्या ताणानेही तडा हळूहळू सरकतो. म्हणून टवका उडाल्याबरोबर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी धुऊ नये.

दुरुस्ती सावलीत, काच कोरडी आणि हाताला ना गरम ना गार लागत असताना करावी. सुटे कण टाचणीने अलगद काढतात. सक्शन कपांनी काचेवर बसणारी चौकट लावून तिच्यातील इंजेक्टरचे तोंड बरोबर टवक्यावर आणतात. त्यात रेझिनचे थेंब सोडून दट्ट्या आधी वर ओढतात, म्हणजे तड्यातील हवा बाहेर येते. मग खाली दाबतात, म्हणजे रेझिन आत शिरते. ही ओढ-दाब अनेकदा करावी लागते आणि सगळी दुरुस्ती तिच्यावरच उभी आहे. तडा दिसतो तो आतल्या हवेवरून प्रकाश परावर्तित झाल्यामुळे. रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, काचेच्या सुमारे १.५२ या अंकाजवळ ठेवलेला असतो, त्यामुळे हवेची जागा रेझिनने घेतली की रेघ विरते. चांदीसारखी चमक उरली असेल तर आत हवा आहे असे समजावे आणि पुन्हा दाब द्यावा.

हवा गेल्यावर वर रेझिनचा एक थेंब व पारदर्शक फिल्म ठेवून काच उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली आणतात. मधला प्लॅस्टिकचा थर अतिनील किरण बव्हंशी शोषतो, म्हणून प्रकाश बाहेरूनच पडायला हवा. रेझिन कडक झाल्यावर फिल्म काढून वर आलेला भाग ब्लेड उभे धरून खरवडतात. यासाठी सायनोअॅक्रिलेट गोंद (सुपरग्लू) वापरू नये: तो ठिसूळ असतो, उन्हात पिवळट पडतो आणि खरी दुरुस्ती करायची वाटही बंद करतो.

घरच्या संचाला झेपतो तो साधारण २५ मिमी. व्यासापर्यंतचा टवका आणि आखूड तडा. काठाला पोहोचलेला तडा, आतल्या काचेची फूट किंवा मधल्या थराची इजा याने भरत नाही. चालकाच्या थेट नजरेतल्या टवक्याला घरी हात न लावणेच बरे, कारण उरलेला डाग रात्री समोरच्या दिव्यांत चमकतो. अशा वेळी काच बदलावी. अनेक गाड्यांत ती छताला बळकटी देते आणि फुगलेल्या एअरबॅगला टेकू देते, म्हणून ती चिकटवण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे. काचेमागे चालक-साहाय्याचा कॅमेरा असल्यास, नवी काच बसवल्यावर सहसा त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळवणी, पुन्हा करावे लागते.