जपानी आणि अमेरिकी गेमर: आवडी वेगळ्या कशा झाल्या?

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, जपानमध्ये आला. तिथल्या लोकांसाठी हातात धरायचा कंट्रोलर मुद्दाम लहान केला होता, तरी यंत्र खपलं नाही. जपानी गिऱ्हाइकाचा स्वभावच वेगळा, असं तेव्हापासून सर्रास म्हटलं जातं. मला हे अर्धवट वाटतं. बऱ्याचशा ‘स्वभावा’मागे बाजार आणि कायदा सापडतो.

जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम हा कन्सोल आणला. पांढरा आणि लाल, उघडउघड खेळण्यासारखा. त्याच सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा बसला. सुमार गेमांनी दुकानं भरली होती, माल उठत नव्हता आणि दुकानदार हात पोळून बसले होते. म्हणून व्हिडिओ गेमचं यंत्र वाटू नये अशा बेताने १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तेच यंत्र राखाडी, चौकोनी पेटीतून विकायला आलं. कॅसेट व्हीसीआरसारखी समोरून आत सरकवायची, आणि सोबत एक रोबोट. (नव्वदीत आपल्याकडे टीव्हीला जोडून जे कॅसेटचे गेम खेळले जायचे, ती यंत्रं बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होती.)

गेम भाड्याने मिळण्याचा मुद्दा मात्र फार कमी बोलला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जपानने १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा बदलून भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याच्या हाती दिला. गेम कंपन्यांनी ती परवानगी दिलीच नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने कॉम्प्युटर सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी घातली, पण कन्सोलचे गेम त्यातून वगळले. शुक्रवारी व्हिडिओच्या दुकानातून गेम आणायचा, रविवारपर्यंत संपवायचा, सोमवारी परत. मग विकत कोण घेणार? त्यामुळे गेम दोन दिवसांत संपू नयेत म्हणून अमेरिकी आवृत्त्या जास्त अवघड होऊ लागल्या. कोनामी या जपानी कंपनीच्या ‘कॉन्ट्रा: हार्ड कॉर्प्स’मध्ये (१९९४) जपानी खेळाडूला एका जिवात तीन फटके सोसता येतात, अमेरिकी आवृत्तीत एकाच गोळीत जीव जातो. आणि हाच तो देश, जिथल्या मुलांना झेपणार नाही म्हणून निन्टेन्डोने १९८६ चा जपानी ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ पाठवलाच नव्हता! १९८८ मध्ये त्या नावाखाली दुसराच गेम थोडे फेरफार करून विकला गेला.

निखळ सांस्कृतिक फरकही आहे, नाही असं नाही. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर, फुली म्हणजे चूक. म्हणून सोनीच्या १९९४ च्या प्लेस्टेशनवर (त्याच्या बटनांवर गोल, फुली अशा खुणा असतात) तिथे गोलाच्या बटनाने ‘हो’ म्हणायचं आणि फुलीने रद्द करायचं. अमेरिकेत नेमकं उलटं रूढ झालं. दोन्ही पद्धती पंचवीसेक वर्षं शेजारी शेजारी चालल्या.

२०१६ मध्ये प्लेस्टेशनच्या कंपनीचं मुख्यालय कॅलिफोर्नियात गेलं. २०२० मध्ये पीएस ५ आलं तेव्हा जपानमधल्या यंत्रांवरही फुलीलाच ‘हो’ केलं गेलं, आणि तिथल्या खेळाडूंनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली.