समाजसेवेची शिक्षा: बेळगाव भागात मागणी कुठे करायची, कोणते कागद जपायचे

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) लागू झाली आणि किरकोळ गुन्ह्यांत तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय झाली. त्यासाठी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज देऊन काहीच होत नाही. ही शिक्षा फक्त कोर्ट देतं.

ती सहाच गुन्ह्यांत मिळते. त्यातले सर्वसामान्यांशी संबंध येणारे तीन: 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, दारूच्या नशेत चारचौघांत धिंगाणा आणि बदनामी. चोरीला अट आहे. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला हवा आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली हवी. दोन्ही जुळलं तर कलम 303(2) प्रमाणे समाजसेवाच द्यावी लागते. म्हणून साधा मोबाईल जरी परत दिला, तरी तारीख, वस्तू, किंमत आणि फिर्यादीची सही असलेली पोच घ्याच. पोलिसांनी जप्त केला असेल तर पंचनाम्याची प्रत मागा.

मागणी वकिलामार्फत, शिक्षा सुनावण्याआधी करा. वकील परवडत नसेल तर बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, जिथला खटला तिथल्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता आपल्या लोकांचा खरा अडसर: निकाल कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि सही करणाऱ्याला त्यातलं अक्षरही कळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 404 खाली शक्य असेल तिथे निकालाचा मराठी अनुवाद मागता येतो. अपील करता येणारा निकाल असेल तर प्रत फुकट मिळते. लाजू नका, लेखी मागा. काम कुठलं, किती तास, हजेरी कोणाकडे, हे त्यात वाचून घ्या.

या कामाला मजुरी नाही, पण ते लोकांच्या उपयोगाचंच असलं पाहिजे. साहेबांच्या घरची बाग त्यात बसत नाही. तसं सांगितलं तर वकिलामार्फत कोर्टाच्या कानावर घाला. काम टाळलं तर मात्र तुरुंग होऊ शकतो.

हिंडलगा जेलमधल्या कैद्यांचं काम वेगळं. सक्तमजुरीच्या कैद्यालाही रास्त मजुरी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये सांगितलं. जात बघून झाडलोट वाटण्याची पद्धत ऑक्टोबर 2024 मध्ये घटनाबाह्य ठरली. घरच्या कोणावर अशी वेळ आली तर तक्रार विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.