शिकती शहरे

शिकती शहरे : लहानथोर सर्वांना, शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांनाही, आयुष्यभर काही ना काही शिकता यावे ही जबाबदारी ज्या शहरांच्या कारभाऱ्यांनी आपली मानली आहे, अशी शहरे. युनेस्कोने त्यांचे जागतिक जाळे उभारले असून ते हॅम्बर्ग येथील आजीवन शिक्षण संस्थेमार्फत चालते. २०२४ च्या आरंभी त्यात ७९ देशांतील ३५६ शहरे होती.

महाविद्यालयांची गर्दी असलेले शहर म्हणजे शिकते शहर, हा समज मात्र चुकीचा आहे. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर राहिलेल्या पोराचे काय होते, हा येथे खरा प्रश्न आहे.

कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्सचे माजी पंतप्रधान एडगर फॉर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९७२ मध्ये युनेस्कोला दिलेल्या अहवालात आजीवन शिक्षणाची आणि शिकत्या समाजाची मांडणी होती. जपानमधील काकेगावा शहराने १९७९ मध्ये स्वतःला आजीवन शिक्षणाचे शहर म्हणून जाहीर केले. दक्षिण कोरियात ग्वांगम्यंगने १९९९ मध्ये तीच वाट धरली व पुढे तेथील सरकारने हा देशव्यापी कार्यक्रमच केला. बार्सेलोनाच्या पुढाकाराने १९९० मध्ये सुरू झालेली ‘शिक्षक शहरां’ची चळवळ ही वेगळी संघटना, नावातील साम्यामुळे दोहोंची गल्लत होते. शिकत्या शहरांची युनेस्कोची पहिली परिषद २०१३ मध्ये बीजिंगला भरली. त्यानंतर मेक्सिको सिटी, कॉर्क, मेदेयीन अशा परिषदा होत गेल्या.

जाळ्यात येण्यासाठी महापौर वा नगराध्यक्षाची लेखी बांधिलकी आणि त्या देशाच्या युनेस्को राष्ट्रीय आयोगाची शिफारस लागते. एका फेरीत एका देशाला मोजक्याच शहरांची शिफारस करता येते. सदस्यत्वाबरोबर निधी येत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. मिळते ती इतर शहरांची ओळख, त्यांचे अनुभव आणि समान विषयांवर काम करणाऱ्या शहरांचे गट : कुठे साक्षरता, कुठे समावेशन, कुठे उद्योजकता. पैसा ज्याने त्याने उभा करायचा. त्यामुळे पाटी लावून स्वस्थ बसणेही एखाद्या शहराला सहज जमू शकते.

मेदेयीनची (कोलंबिया) कहाणी सर्वांत बोलकी आहे. १९९१ च्या सुमारास खुनांच्या प्रमाणात हे शहर जगात पुढे होते आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांना डोंगरउतारावरच्या वस्त्यांतून हवी तेवढी तरुण पोरे मिळत. २००४ मध्ये गणिताचे प्राध्यापक सेर्हिओ फाहार्दो महापौर झाले. ‘सर्वांत शिकलेले मेदेयीन’ हे त्यांचे घोषवाक्य. शहरातील सर्वांत देखण्या इमारती सर्वांत गरीब वस्त्यांत बांधायच्या, असे त्यांचे धोरण होते. त्यातून बाग, वाचनालय आणि वर्ग एकत्र असलेली ‘ग्रंथालय-उद्याने’ उभी राहिली. सान्तो दोमिंगो वस्तीपर्यंत २००४ मध्येच आलेल्या तारमार्गामुळे (केबल कार) डोंगरावरच्या मुलांना खालचे शहर जवळ आले. सगळेच साधले असे नाही : त्याच वस्तीतील गाजलेले स्पेन ग्रंथालय बांधकामातील दोषांमुळे काही वर्षांतच बंद करावे लागले. तरीही २०१९ ची जागतिक परिषद मेदेयीनमध्ये भरली आणि त्याच वर्षी शहराला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

आयर्लंडमधील कॉर्कचा मार्ग साधा आहे. तेथे २००४ पासून वसंतात आठवडाभर शिक्षणोत्सव भरतो. महाविद्यालयांपासून वाचनालये व मंडळांपर्यंत सगळे आपापली दारे विनामूल्य उघडतात. लिमरिकमध्येही असा उत्सव होतो. वेल्समधील स्वान्सीने उद्योजकतेच्या शिक्षणावर भर दिला, तर जपानमधील ओकायामाचा आधार म्हणजे तेथील ‘कोमिनकान’, आपल्याकडच्या समाजमंदिरासारखी पण रोज गजबजलेली लोकशिक्षणाची घरे.

भारतातून २०२२ मध्ये वरंगळ (तेलंगणा), त्रिशूर आणि निलंबूर (दोन्ही केरळ) ही शहरे जाळ्यात आली. वरंगळला १९५९ पासूनची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. त्रिशूरला केरळ साहित्य अकादमी आहे आणि स्थानिक कारभाराचे प्रशिक्षण देणारी संस्थाही. निलंबूर मात्र सागवानासाठी ओळखली जाणारी लहानशी नगरपालिका आहे. तिचा समावेश मला अधिक बोलका वाटतो.

त्या यादीत महाराष्ट्रातले एकही शहर नव्हते, ‘विद्येचे माहेरघर’ पुणेही नाही. खरे तर कामकरी माणसांसाठी जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये आपल्या घरी रात्रशाळा काढली ती पुण्यातच, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमालाही तेथलीच. त्या काळी कोणी त्याला शिकते शहर म्हटले नाही, एवढेच.