पिंग लागतोय म्हणजे सर्व्हर ठणठणीत? अजिबात नाही

‘पिंग लागतोय, म्हणजे सर्व्हर ठीक आहे’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो फार महागात पडतो. पिंग म्हणजे नेटवर्कवरून पाठवलेला ‘आहेस का?’ असा छोटासा संदेश. त्याला उत्तर देतो तो ऑपरेटिंग सिस्टीमचा नेटवर्कचा भाग. पंखे, पॉवर सप्लाय, डिस्क यांची त्या भागाला खबरही नसते. रेड ५ मधली (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रचना) एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालूच राहतो. समोर जाऊन पाहिलं तर त्या खणावर केशरी दिवा लुकलुकत असतो, पण समोर जातंय कोण? ती बदलण्याआधी दुसरी गेली, की डेटा गेलाच.

तापमान, पंखे, पॉवर सप्लाय यांची माहिती मदरबोर्डवरच्या बीएमसीकडे, म्हणजे हार्डवेअरवर लक्ष ठेवणाऱ्या वेगळ्या चिपकडे, असते. आयपीएमआय किंवा रेडफिश या बीएमसीशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतींनी ती ठरावीक वेळाने विचारत राहा. डिस्कसाठी, त्या डिस्क सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरला विचारा. नुसत्या एसएनएमपी ट्रॅपवर, म्हणजे बिघाड झाल्यावर उपकरण स्वतःहून पाठवतं त्या सूचनेवर, विसंबू नका: तो सहसा यूडीपीवरून, म्हणजे पोच न घेणाऱ्या पद्धतीने येतो, वाटेत हरवला तर कुणालाच कळत नाही.