मेल पुसले तरी फाइल फुगलेलीच का राहते?

शेकडो मेल उडवले, ट्रॅशही रिकामा केला, तरी मेल ज्यात साठतात त्या डिस्कवरच्या फाइलचा आकार हलत नाही. आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो आणि प्रोग्रॅम बिघडला असं वाटतं. पण त्यात बिघाड काही नाही. मेल साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा हा वारसा आहे.

युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीवर मेल एमबॉक्स पद्धतीने ठेवले जात: सगळे संदेश एकाच मजकूर फाइलमध्ये, एकाखाली एक. संदेश छोटे होते तोवर हे सोपं आणि पुरेसं होतं. अडचण पुसताना येते. मधला एक संदेश खरोखर काढायचा तर त्याच्यापुढचा सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागतो, आणि मोठ्या फाइलवर दर वेळी हे करणं परवडत नाही. म्हणून थंडरबर्ड संदेशाच्या हेडरमधल्या, म्हणजे वरच्या माहितीच्या भागातल्या, ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ या ओळीत फक्त ‘पुसलेला’ अशी खूण करतं. यादीतून संदेश जातो, फाइलमध्ये मात्र तसाच पडून राहतो. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेल्या संदेशाची जुन्या जागची प्रतही अशीच मागे उरते. ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर नवी फाइल लिहिली जाते आणि तेव्हाच जागा सुटते. खासगी मेल पुसणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावं.

१९९०च्या दशकात डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या आपल्या मेल सर्व्हर प्रोग्रॅमसोबत मेलडिर पद्धत आणली. त्यात प्रत्येक संदेशाची वेगळी फाइल असते, त्यामुळे पुसलं की खरंच पुसलं जातं. माझ्या मते हाच जास्त प्रामाणिक मार्ग होता, पण तो मुख्यतः सर्व्हरवर रुजला.

फायली फुगल्या त्या अटॅचमेंटमुळे. १९९२मध्ये माइम हे मानक आलं आणि मेलसोबत चित्रं, दस्तऐवज पाठवणं सर्रास झालं. मात्र मेलची यंत्रणा मजकुरासाठी बनलेली असल्याने फाइल बेस६४ या पद्धतीने अक्षरांत बदलावी लागते आणि त्यात आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्यात पॉप ही मेल उतरवून घेण्याची पद्धत वापरणाऱ्यांचे सगळे मेल स्वतःच्याच संगणकावर उतरत.

आउटलुक ज्यात मेल साठवतं त्या पीएसटी फाइलने मात्र लोकांना खरा घाम फोडला. आउटलुक ९७ ते २००२ या आवृत्त्यांमध्ये तिची मर्यादा २ जीबी होती. ती ओलांडली की फाइल उघडेनाशी होई. मायक्रोसॉफ्टने त्यावर दिलेली सुविधा फाइलचा शेवटचा भाग छाटून टाकत असे, म्हणजे काही मेल गमावूनच बाकीचे हाती लागत. आउटलुक २००३मध्ये युनिकोड पीएसटी हा फाइलचा नवा प्रकार आला आणि मर्यादा २० जीबी झाली. २०१०च्या आवृत्तीत ती ५० जीबीवर गेली. जुनी फाइल मात्र आपोआप बदलत नसे. नवी फाइल तयार करून मेल तिच्यात हलवावे लागत, आणि हे माहीत नसलेले नवं आउटलुक घेऊनही २ जीबीवरच अडकत.

पीएसटीतही पुसलेल्या मेलची जागा मोकळी होते, पण फाइलच्या आतच. नवे मेल ती जागा वापरतात. आउटलुक रिकामं बसलेलं असताना थोडं आवरतंही. एकदम मोठा गठ्ठा पुसला असेल तर मात्र ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ स्वतःच चालवलेलं बरं.

एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवरच्या खात्यांसाठी आउटलुक २०१३ने आणखी एक सोय दिली. किती महिन्यांचे मेल संगणकावर ठेवायचे ते एका स्लायडरने ठरवता येतं. जुने मेल सर्व्हरवरच राहतात आणि त्यांची संगणकावरची प्रत असलेली ओएसटी फाइल आटोक्यात राहते.